डोंगर जागचा हलत नाही, मग मालवाहू विमान त्यावर आदळते कसे?

करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मला पत्र पाठवले आहे. जून २०१९ मध्ये आसाममधील जोरहाटहून अरुणाचल प्रदेशातील मेचुकाकडे निघालेल्या हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानाचा विषय वर्गात निघाला, तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, "डोंगर जागचा हलत नाही, नकाशात तो दाखवलेला असतो आणि विमानात रडार असते, मग विमान त्यावर आदळते कसे?" त्यामागोमाग तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि एवढे मोठे विमान सापडायला आठ दिवस का लागले?" बाईंनी हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे पाठवले, कारण मी बावीस वर्षे मालवाहू विमाने चालवली आणि त्यांतील बराच काळ ईशान्येकडील दऱ्यांत काढला. प्रश्न शाळकरी मुलीचा असला, तरी एखाद्या चौकशी मंडळाने सुरुवातीलाच विचारावा इतका तो नेमका आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आधी घटना सांगतो. ३ जून २०१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास ते विमान जोरहाटहून उडाले. आत तेरा जण होते. एक वाजता त्याचा जमिनीशी शेवटचा संपर्क झाला आणि ते मेचुकाला पोहोचलेच नाही. ११ जूनला एका एमआय-१७ हेलिकॉप्टरला लिपो गावाच्या उत्तरेस सुमारे सोळा किलोमीटरवर, जवळपास बारा हजार फूट उंचीवरच्या उतारावर अवशेष दिसले. तेरांपैकी कोणीही वाचले नव्हते. मेचुका हे ठिकाण साधारण सहा हजार फुटांवर आहे. म्हणजे जिथे उतरायचे त्या गावाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर अवशेष मिळाले. या दोन आकड्यांतच त्या मुलखाचे स्वरूप कळते: धावपट्टी वाटीच्या तळाशी, आणि वाटीचे काठ तिच्यापेक्षा हजारो फूट उंच. त्या अपघाताचा निवाडा करण्याचे काम चौकशी मंडळाचे होते. मी येथे अशा अपघातांच्या मुळाशी साधारणपणे काय असते एवढेच सांगणार आहे.

लोकांना वाटते की विमान डोंगरावर पडते तेव्हा त्यात काहीतरी मोडलेले असते. कधीकधी तसे असतेही. पण डोंगराळ भागातील अपघातांचा एक फार मोठा वर्ग असा आहे, की त्यात इंजिने चालू असतात, पंख शाबूत असतात, विमान पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात असते आणि शेवटच्या काही सेकंदांपर्यंत आतल्या कोणालाही आपण संकटात आहोत असे वाटत नसते. नियंत्रणात असलेले विमान नकळत जमिनीवर जाऊन आदळणे याला आमच्या व्यवसायात 'सीफिट' म्हणतात. याचे एक उदाहरण आपल्याच सह्याद्रीत आहे. ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ हे प्रवासी विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ जण गेले. विमान धडधाकट होते. रात्रीच्या अंधारात आणि पावसाळी हवेत वैमानिकांना आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असे वाटत होते, तितके ते नव्हते, आणि त्या समजुतीवर त्यांनी सुरक्षित उंची वेळेआधीच सोडली. समुद्र जवळ आला असे मानून ते खाली येत होते आणि खाली घाटमाथा होता.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की डोंगर हलत नाही हे खरे आहे, परंतु आपण नेमके कुठे आहोत आणि किती उंचीवर आहोत याबद्दलची वैमानिकाची समजूत हलू शकते. ती कशी हलते हे समजण्यासाठी उंचीमापक म्हणजे अल्टिमीटर कसा चालतो ते पाहावे लागेल, कारण विमानातील हे सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वासाचे यंत्र खरे तर उंची मोजतच नाही.

ते हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब कमी होतो, आणि किती कमी झाला यावरून ते उंचीचा आकडा दाखवते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथील दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा नेहमीच बराच कमी असतो. पण दाब केवळ उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. म्हणून त्या दिवसाचा, त्या ठिकाणचा दाब जमिनीवरून विचारून घेऊन यंत्रावर लावावा लागतो. दाब हेक्टोपास्कल या एककात मोजतात, आणि एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण सत्तावीस ते तीस फूट. समजा, सकाळी मैदानावर लावलेला आकडा तसाच ठेवून वैमानिक अशा खोऱ्यात शिरला, की जिथे दाब दहा हेक्टोपास्कलने कमी आहे. तर त्याचे यंत्र दाखवते त्यापेक्षा तो जवळजवळ तीनशे फूट खाली असतो आणि त्याला त्याची कल्पना नसते. त्यात थंडीची भर पडते. थंड हवा आकसते, तिचे थर जवळ येतात, आणि हवा प्रमाण तापमानापेक्षा दहा अंशांनी थंड असली की खरी उंची दाखवलेल्या उंचीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी भरते. मैदानात हजार फुटांवर ही चूक चाळीस फुटांची असते. हिमालयात बारा हजार फुटांवर, वीस अंश जास्त थंड हवेत, ती नऊशे फुटांहून अधिक होते. खिंडीवरून पाचशे फूट राखून जातो आहोत अशा समजुतीत असलेला माणूस अशा हवेत खडकाच्या पातळीखाली असू शकतो.

स्वीडनमधील केबनेकाइसे या त्या देशातील सर्वांत उंच पर्वतावर १५ मार्च २०१२ रोजी नॉर्वेच्या हवाई दलाचे सी-१३०जे हे मालवाहू विमान आदळले. विमान जवळपास नवे होते आणि आतले पाचही जण गेले. शिखराची उंची सुमारे २,१०० मीटर आहे. विमानाला सात हजार फुटांच्या पातळीपर्यंत, म्हणजे २,१३४ मीटरपर्यंत, उतरण्याची परवानगी मिळाली होती. कागदावर पाहिले तर ही उंची शिखराच्या किंचित वर भरते. परंतु ती पातळी त्या दिवसाच्या, त्या ठिकाणच्या दाबावर नव्हे, तर सगळीकडे एकच धरलेल्या प्रमाण दाबावर मोजलेली होती, आणि प्रत्यक्षात विमान शिखराजवळच्या कड्याला सुमारे दोन हजार मीटरवर लागले. उंचीची परवानगी देणारे जमिनीवर होते, ती घेणारे विमानात होते, आणि खालच्या भूभागावर ती उंची पुरेशी आहे की नाही हे पडताळणे दोघांकडूनही राहून गेले. मी शिकाऊ वैमानिकांना हा अपघात नेहमी समजावून सांगत असे, कारण यात बेफिकिरी कुठेच दिसत नाही. सगळे जण आपापले काम नेहमीप्रमाणे करत होते. नियंत्रकाने परवानगी दिली म्हणजे डोंगराचा विचार त्यानेच केला असणार, अशी वैमानिकाची समजूत होती, आणि डोंगर तर वैमानिक पाहतोच, असे नियंत्रक धरून चालला होता.

शब्दांची चूकही डोंगरापर्यंत नेते. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर या मालवाहू कंपनीचे बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला येत होते. नियंत्रकाने इंग्रजीत दोन हजार चारशे फुटांपर्यंत उतरायला सांगितले, पण ते सांगताना आकडे सुटे उच्चारले: 'टू फोर झिरो झिरो'. इंग्रजीत 'टू' म्हणजे दोन आणि 'टू' म्हणजे 'पर्यंत'. वैमानिकांनी ते 'चारशेपर्यंत' असे ऐकले, तसेच परत उच्चारले, आणि ती चूक कोणी पकडली नाही. विमान समुद्रसपाटीपासून ४३७ फूट उंचीवर एका टेकडीच्या उतारावर आदळले आणि चौघेही गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र शेवटी ओरडत होते, पण त्याची दखल घेतली गेली नाही. ही टेकडी आपल्या जोतिबाच्या डोंगरासमोर ठेंगणी वाटेल. विमानासाठी डोंगर किती उंच आहे याला महत्त्व नसते. आपण मानतो त्याहून तो जवळ आहे की नाही, याला असते.

आता रडारबद्दल. विमानाच्या नाकातील रडार प्रामुख्याने ढगांतले पाणी आणि वादळे दाखवण्यासाठी असते. त्यावर जमीन काही प्रमाणात दिसते, पण अरुंद दरीतून वाट काढण्यासाठी ते उपयोगी नाही. जमिनीच्या धोक्यासाठी वेगळे यंत्र आहे. डॉन बेटमन या अभियंत्याने विकसित केलेले हे यंत्र १९७० च्या दशकात प्रवासी विमानांत बसू लागले. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनकडे येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळून ९२ जण गेल्यावर तेथे ते सक्तीचे झाले. त्या पहिल्या पिढीतील यंत्राची मर्यादा अशी, की ते सरळ खाली पाहत असे. हळूहळू चढत जाणारी जमीन त्याला कळे. समोर एकदम उभा राहिलेला कडा त्याला विमान कड्यापाशी पोहोचेपर्यंत कळत नसे. १९९० च्या दशकात त्याला उपग्रहाधारित स्थान आणि जगाच्या भूभागाचा नकाशा यांची जोड मिळाली आणि ते पुढचे पाहू लागले. या एका सुधारणेने जितके जीव वाचले असतील तितके विमानशास्त्रातील फार थोड्या शोधांनी वाचवले आहेत, असे माझे मत आहे. तरीही दरीत मुद्दाम खाली उडणाऱ्या विमानासाठी त्याचा उपयोग मर्यादितच राहतो, कारण तेथे दोन्ही बाजूंना डोंगर जवळ असणे हेच रोजचे काम असते, आणि सतत वाजणारा इशारा कानाआड होतो.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा अधिक रेंगाळतो. बाईंनी मुलांना जुलैमध्ये गगनबावड्याला न्यावे. कोल्हापुरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून अवघ्या पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाच-सहा पट पडतो. समुद्राकडून आलेली ओली हवा घाटाच्या भिंतीवर चढते, चढताना थंड होते आणि तिचे ढग होतात. म्हणून ढग डोंगराला चिकटलेला असतो. तो तेथेच जन्मतो. करूळ घाटाच्या तोंडाशी उभे राहिले तर दिसते, की मागे कळे-साळवणकडे ऊन आहे आणि समोरची सोंड दहा मिनिटांत नाहीशी झाली आहे. गाडीवाला अशा वेळी दिवे लावून थांबतो. विमानाला हवेत थांबता येत नाही. त्याला एकतर पुढे जावे लागते, वर जावे लागते किंवा वळावे लागते, आणि दरीत या तिन्ही गोष्टींना जागा लागते.

ती जागा किती, हे नववीच्या गणितातून काढता येईल. तीस अंश कललेल्या विमानाच्या वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले सुमारे ५.६६, वेग मीटर प्रतिसेकंदात धरून. समुद्रसपाटीला ताशी अडीचशे किलोमीटरने हे वळण सुमारे ८५० मीटर त्रिज्येचे होते; उलट दिशेला तोंड करायला एक किलोमीटर सातशे मीटर रुंदी लागते. बारा हजार फुटांवर हवा विरळ असते. वेगमापक तेच अडीचशे दाखवत असला तरी विमान प्रत्यक्षात ताशी तीनशेने जात असते, त्रिज्या १,२२५ मीटर होते आणि रुंदी जवळजवळ अडीच किलोमीटर लागते. वारा पाठीमागून असेल तर आणखी. अधिक कलून लहान वळण घेता येईल असे वाटते, पण साठ अंश कलल्यावर पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलावे लागते आणि विमान हवेत तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो. भरलेल्या विमानाजवळ तेवढा वेग राखीव नसतो. आणि वर जाण्याचे म्हणाल, तर भरलेले विमान त्या उंचीवर मिनिटाला पाचशे फूट चढले तरी एका किलोमीटरमागे सुमारे तीस मीटरच वर जाते. दरीच्या टोकाचा उतार त्याच एका किलोमीटरमध्ये दोनशे-तीनशे मीटर चढतो. म्हणजे विमान चढत असते आणि जमीन त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने चढत असते. तुम्ही कितीही कुशल असा, हे गणित बदलत नाही.

म्हणून डोंगरातील वैमानिकाला पहिली सवय लावली जाते ती दरीच्या मध्यातून न जाण्याची. तो एका बाजूच्या भिंतीजवळून जातो, म्हणजे वळायची वेळ आली तर दरीची पूर्ण रुंदी त्याच्या हाताशी राहते. धार ओलांडायची असेल तर तिला काटकोनात न भिडता पंचेचाळीस अंशांत जातो, म्हणजे पलीकडे खाली ओढणारी हवा लागली तर थोडेसे वळून बाहेर पडता येते. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा अशी काही खाली कोसळते, की दोन्ही इंजिने पूर्ण जोरात असूनही विमान बुडत राहते. हे मी अनुभवले आहे, आणि त्या वेळी हातात काहीच नसल्याची जी जाणीव होते ती शब्दांत मांडणे कठीण आहे. तिसरी सवय म्हणजे प्रत्येक दरीत एक जागा आधीच ठरवून ठेवणे, की जिच्यापुढे परत फिरता येणार नाही.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सहवैमानिक म्हणून अशाच एका दरीत होतो. विमानात तांदूळ, मीठ, औषधे आणि रॉकेलची पिंपे होती. पुढच्या वस्तीवर चार दिवस विमान गेले नव्हते आणि तेथील माणसे वाट पाहत आहेत हे आम्हाला ठाऊक होते. समोर नदी वळत होती, वळणापलीकडे ढग खाली आला होता, पण त्याखालून एक उजळ फट दिसत होती. मला खात्री होती की त्या फटीतून आपण जाऊ शकू. आमच्या कॅप्टनसाहेबांनी फट पाहिली, डावीकडच्या भिंतीवरचा एक पांढरा धबधबा पाहिला आणि विमान वळवले. मी काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर नाराजी उमटली असावी. तळावर उतरल्यावर ते म्हणाले, "पुढे काय आहे हे मला माहीत नव्हते. धबधब्यापुढे वळता येत नाही, एवढे माहीत होते." दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही तेच सामान घेऊन त्याच दरीतून गेलो, कारण हिमालयातील दऱ्यांत सकाळी हवा स्वच्छ आणि शांत असते, दुपारी वारे आणि ढग उठतात. फटीच्या जागी काय होते ते त्या दिवशी दिसले. नदी तेथे पुन्हा वळत होती आणि समोर धार होती.

त्या दिवशी मला पुढे जावेसे का वाटले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. बढाई हे त्याचे कारण नव्हते. वाट पाहणारी माणसे हे कारण होते. अपघाताच्या बातमीत 'वैमानिकाची चूक' असे दोन शब्द लिहून विषय संपवला जातो, तेव्हा मला त्रास होतो तो यामुळे. तो निर्णय विमानाच्या आत एका माणसाने घेतलेला असतो हे खरे, पण त्यामागे चार दिवस न पोहोचलेले औषध असते, आदल्या रात्रीची अपुरी झोप असते, सकाळी सामान चढवायला झालेला उशीर असतो. उड्डाण सकाळी सहाऐवजी अकराला होते, आणि दरीत शिरेपर्यंत दुपारचा ढग उभा राहिलेला असतो. नागरी विमानांच्या अपघातांची चौकशी ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होते, त्यांत चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हाच आहे, कोणावर दोष ठेवणे हा नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. पावसाळ्यात विमान कोल्हापूरच्या आकाशात घिरट्या घालून न उतरताच परत जाते, तेव्हा आपल्याकडे पुष्कळ चिडचिड होते. त्या वैमानिकाने आपला धबधबा ओळखला, असे मी अशा वेळी शेजाऱ्यांना सांगतो.

मालवाहू विमानाची गोष्ट आणखी एका बाबतीत वेगळी आहे, आणि ती म्हणजे भार. प्रवासी आपापल्या आसनावर पट्टा बांधून बसतो. पिंपे, पोती आणि पेटाऱ्या जाळ्यांनी व साखळ्यांनी जखडाव्या लागतात, आणि एकूण वजन किती यापेक्षा ते विमानाच्या लांबीत कुठे ठेवले आहे याला अधिक महत्त्व असते. गळिताच्या हंगामात आपल्याकडे उसाने भरलेला ट्रॅक्टर चढावर लागतो आणि ट्रॉलीच्या ओझ्याने त्याची पुढची चाके उचलली जातात, हे प्रत्येक मुलाने पाहिले असेल. चाके उचलली की स्टेअरिंग हातात असूनही उपयोगाचे राहत नाही. विमानाच्या मागच्या भागात भार जास्त झाला की हेच घडते: नाक वर उचलते आणि खाली आणता येत नाही. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून उडालेले फाइन एअर कंपनीचे डीसी-८ हे मालवाहू विमान भार चुकीच्या पद्धतीने भरल्यामुळे उड्डाणानंतर लगेच कोसळले. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथून लष्करी वाहने घेऊन निघालेल्या बोइंग ७४७ मध्ये वाहन पुरेसे जखडलेले नव्हते. ते मागे सरकले, त्याने शेपटाकडील नियंत्रणाची यंत्रणा तोडली आणि सातही जण गेले. ही दोन्ही विमाने डोंगरावर आदळली नाहीत, पण डोंगराळ दरीत असा भार इंचभर सरकला तरी सावरायला उंची कुठून आणणार? म्हणून भार चढवणारा लोडमास्टर हा माझ्या लेखी वैमानिकाइतकाच त्या विमानाचा रक्षक आहे, आणि त्याने एखादी साखळी पुन्हा आवळायला वेळ मागितला तर तो देण्यात कधीही कंजुषी करू नये.

मालवाहू विमाने बहुधा रात्री उडतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटेच्या अंधारात यूपीएस कंपनीचे एअरबस ए-३०० अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या धावपट्टीआधीच एका टेकडीला लागले आणि दोघे वैमानिक गेले. तपासात थकव्याचा मुद्दा पुढे आला. अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे कडक नियम २०१४ च्या जानेवारीत लागू झाले, पण मालवाहू वैमानिकांना ते सक्तीचे केले गेले नाहीत. पोत्यांसाठी जागणाऱ्या माणसाला माणसांसाठी जागणाऱ्या माणसापेक्षा कमी झोप पुरते, हे मला कोणत्याही शास्त्रात सापडलेले नाही.

आता दुसरा प्रश्न, शोधाचा. ताशी चारशे किलोमीटरने जाणारे विमान मिनिटाला साडेसहा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. शेवटच्या ज्ञात ठिकाणानंतर ते केवळ तीन मिनिटे उडाले असे धरले, तरी ते वीस किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस किलोमीटर होते. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. अशी साडेतीन अभयारण्ये, उभ्या उतारांची, ढगांनी झाकलेली आणि वरून पाहिल्यास सलग हिरवी. 'एवढे मोठे विमान' असे मुलगी म्हणते, पण कड्यावर आदळल्यावर ते एवढे मोठे राहत नाही. त्याचे तुकडे होतात, ते घळीत उतरतात, वरची झाडे पुन्हा मिटतात आणि बारा हजार फुटांवरचे धुके दिवसातले काही तासच उघडते. २०१९ च्या शोधात सुखोई विमाने, सी-१३०जे, नौदलाचे पी-८आय, इस्रोचे उपग्रह आणि हेलिकॉप्टरे लावली होती, आणि माहिती देणाऱ्यास पाच लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. हे बक्षीस पाहून काही जणांना नवल वाटले होते. मला वाटले नाही. अशा जंगलात शिकारी, गुराखी आणि वाटाडे यांच्या कानांवर पडलेला आवाज आणि त्यांनी पाहिलेला धूर यांची किंमत उपग्रहाच्या छायाचित्राहून कमी नसते.

विमान आदळताच आपोआप संकेत पाठवणारे एक यंत्र असते. नवी यंत्रे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संकेत देतात, आणि भारतात त्या संकेतांवर लक्ष ठेवणारे इस्रोचे केंद्र बेंगळुरूत आहे. जुनी यंत्रे १२१.५ मेगाहर्ट्झवर चालत. त्या लहरींवरचे संकेत ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले, त्यामुळे ते आता जवळून जाणाऱ्या विमानालाच ऐकू येतात. परंतु यंत्र नवे असले तरी धडकेत त्याची अँटेना तुटते, आगीत ते जळते किंवा अरुंद घळीच्या दोन भिंतींत संकेत अडकतो. काळ्या पेटीबद्दलही मुले विचारतील. ती नारिंगी असते, आणि ती स्वतःहून ओरडते ती पाण्यात पडल्यावर. डोंगरात तिला माणसानेच शोधावे लागते. अवशेष हेलिकॉप्टरमधून दिसले म्हणजे शोध संपला असेही होत नाही. तेथे उतरायला सपाट जागा नसते, म्हणून गिर्यारोहकांना दोराने सोडावे लागते आणि मग हवामान बिघडले की तेच तेथे अडकतात. २०१९ मध्ये अवशेष दिसल्यापासून सर्व मृतदेह खाली आणेपर्यंत आणखी आठवड्याहून अधिक काळ गेला, आणि ते काम ज्यांनी केले त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

आठ दिवस हा काळ त्या मुलीला फार वाटला, आणि घरच्यांसाठी तो असह्यच असतो. पण हिमालयाच्या हिशेबात तो थोडा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात आसाममधील तळांवरून, ज्यांत हेच जोरहाट होते, चीनमधील कुनमिंगला सुमारे साडेसहा लाख टन सामान विमानांनी पोहोचवले गेले. त्यात शेकडो विमाने पडली, आणि त्यांचे अवशेष अरुणाचलच्या जंगलात अजूनही सापडतात. पासीघाटला २०२३ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले आपल्या हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. लेहजवळ हवा बिघडल्याने ते परत फिरले होते. त्याचे अवशेष २००३ मध्ये मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या पथकाला एका हिमनदीवर दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, त्यातील आणखी चार जवानांचे देह बर्फातून बाहेर काढून त्यांच्या गावी पोहोचवले गेले. त्यांतील काहींची ओळख त्यांच्याजवळच्या कागदपत्रांवरून पटली.